उजव्या फळीची खाच

मी बीएस्सी आहे, फिजिक्स घेऊन. आता हे मी कोणी विचारलं तर सांगते. त्या काळात न विचारताही सांगायचे. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिली. बाबा चौथीपर्यंत, आई शाळेच्या दारापर्यंत. पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा बाबांनी त्याला सागाची चौकट केली. चारही कोपरे असे जुळवले की मधे नख जाणार नाही. आणि मग ते घरात न लावता शेडमध्ये नेऊन टांगलं.

आई म्हणाली, "अवो, घरात लावा की."

"घरात कोन बघतंय?" बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक शेडमधी येतं."

शेड म्हणजे बाबांचा सुतारकामाचा कारखाना. नवीन पनवेलहून विचुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याची, लांबट. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला भिंत, आणि दाराकडून भिंतीकडे जाणारं लांब टेबल. त्या भिंतीवर, आत आल्याबरोबर समोर दिसेल असा, आजोबांचा वाकस टांगलेला होता. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, कुदळीसारखं आडव्या पात्याचं. आजोबा गेल्यापासून त्याने कोणी काही तासलं नव्हतं, पण रोज सकाळी त्याला हळदकुंकू लागायचं, आणि काम करताना त्याच्याकडे पाठ करायची नाही हा बाबांचा नियम होता.

दुसरा नियम लाकडाचा. फळी हातात आली की बाबा आधी तिचं बूड कुठलं आणि शेंडा कुठला ते ओळखायचे. गाठींवरून, रेषांवरून, कशावरून ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मग कानामागची पेन्सिल काढून शेंड्याच्या दिशेने एक बाण काढायचे. झाड जसं उभं होतं तसंच लाकूड दारात, कपाटात उभं राहिलं पाहिजे. टेबलावर आडवी ठेवतानासुद्धा बूड दाराकडे आणि शेंडा वाकसाकडे. हे दोन नियम मी रांगत होते तेव्हापासून बघत आले, म्हणूनच ते मला दिसेनासे झाले होते. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

एक्सप्रेसवे होऊन पाच-सात वर्षं झाली होती. मी खारघरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले होते. कॉलेजला लायब्ररीसाठी बारा कपाटं हवी होती. प्राचार्यांचं म्हणणं, लोखंडी आणा, एका दिवसात येतील. ग्रंथपाल मॅडमचं म्हणणं, आपल्या हवेत लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं आणि गंज पुस्तकांना लागतो. संस्थेचं जुनं सभागृह पाडलं होतं, त्याच्या सागाच्या तुळया पडूनच होत्या. प्रश्न एवढाच होता की करणार कोण.

"माझे बाबा करतील," मी स्टाफरूममध्ये म्हणाले. कोणी मला विचारलं नव्हतं.

मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "बारा कपाटं आहेत, बाई. स्टूल नव्हे."

"बाराच ना?"

ठरलं असं की शुक्रवारी मॅडम शेडवर येऊन एक नमुन्याचं कपाट बघतील. पसंत पडलं तर काम बाबांचं, नाहीतर लोखंडी. इतकी वर्षं बाबांनी लोकांच्या घरांची दारं-खिडक्या केल्या, पण कॉलेजचं काम कधी केलं नव्हतं, आणि हे तर मी शब्द टाकून आणलेलं काम. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. बाबांना तर त्याहून नव्हतं.

तुळया वखारीत चिरून घेतल्या. कपाटाला डावी आणि उजवी अशा दोन उभ्या फळ्या, म्हणजे चोवीस. वर तीन फळ्या जास्तीच्या निघाल्या. प्रत्येक फळीला आतल्या बाजूने, मागच्या कडेपासून इंचभर आत, वरपासून खालपर्यंत सहा फुटांची खाच पाडायची होती. तिच्यात कपाटाची पाठ, म्हणजे प्लाय, वरून सरकून बसणार. बाबांकडे खाच पाडायचा हाताचा रंधा होता, पण सागात सहा फुटांच्या चोवीस खाचा हाताने पाडायच्या तर पुढची दिवाळी आली असती. म्हणून त्यांनी खोक्यातून राउटर बाहेर काढला.

हे मशीन त्यांनी वर्षभरापूर्वी हौसेने घेतलं होतं आणि हौसेनेच झाकून ठेवलं होतं. दोन्ही हातांनी धरायची मोटर, खाली सपाट गोल बैठक, आणि बैठकीतून बाहेर येणारं गरगर फिरणारं पातं, ज्याला बिट म्हणतात. मशीन सरळ चालावं म्हणून त्याला दोन सळ्यांवर एक आडवी पट्टी बसवतात, ती गाइड. गाइड फळीच्या कडेला टेकवायची आणि ढकलत न्यायचं. कड सरळ तर खाच सरळ. इतकं सोपं आहे, असं मीच बाबांना समजावलं. बीएस्सी ना.

सोमवारी बाबांनी पहिली डावी फळी लावली. दाराकडून वाकसाकडे चालत गेले, मशीन ओरडत गेलं, भुसा उडाला. खाच अशी आली की जणू आरसा. मग उजवी फळी लावली. त्याच चालीने, त्याच हाताने. आणि खाच आली ती नागाच्या चालीसारखी. मधेच कडेकडे झुकलेली, पुन्हा आत आलेली, पुन्हा झुकलेली. फरक सूतभरसुद्धा नव्हता, अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग असेल. पण त्या खाचेत प्लाय सरकणार नव्हता, आणि दिसायला तर फारच वाईट दिसत होतं.

"हात हलला तुमचा," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. चाळीस वर्षं न हललेला हात होता तो.

त्यांनी दुसरी डावी केली. आरसा. दुसरी उजवी केली. नाग.

"मशीनला माज हाय," बाबा म्हणाले आणि ते खाली ठेवून वाकसासमोर जाऊन उभे राहिले. आजोबांना विचारत असावेत.

मी ठरवलं की दोष गाइडचा. मशीनबरोबर आलेली गाइड पातळ पत्र्याची होती आणि तिचा कडेला टेकणारा भाग जेमतेम चार इंचांचा. एवढीशी पट्टी लांब कडेवर डुगडुगणारच. मंगळवारी कॉलेज सुटल्यावर मी पनवेलच्या बाजारात हार्डवेअरवाल्या चाचांकडे गेले. सळीचा नमुना हवा म्हणून मशीनची एक सळी पर्समध्ये घालून नेली होती, आणि कॉलेजचं व्हर्निअरसुद्धा, परवानगी काढून. काउंटरवर मी व्हर्निअरने सळीची जाडी मोजायला लागले तसे चाचा हातातला चहा ठेवून बघत राहिले.

"बेटी, सोनाराकडे जायचं होतं का?"

"चाचा, गाइड दाखवा. ही सळी जिच्यात घट्ट बसेल ती."

त्यांनी तीन काढल्या. एक आमच्यासारखीच पत्र्याची. ती त्यांनी स्वतःच बाजूला सारली. "ये थरथरती है. पहिल्याच दिवशी शिव्या देशील." दुसरी चकचकीत होती, आत बारीक स्क्रूने मागेपुढे करायची सोय असलेली, पण तिच्या भोकांत आमची सळी खडखडत होती. तिसरी बिडाची, जड, काळपट, दिसायला अगदी अडाणी. सळी तिच्यात सर्रकन गेली आणि हलली नाही. शिवाय तिला समोरून दोन भोकं होती.

"ही भोकं कशाला?"

"लाकडाची पट्टी मार त्याच्यावर. फूटभर. मग बघ कशी चालते, इंजिनासारखी."

मी ती घेतली. बुधवारी बाबांनी तिच्यावर सागाची फूटभर पट्टी बसवली, पट्टीला मेण घासलं, आणि आम्ही जास्तीची एक फळी उजवी म्हणून लावली.

नाग. जरा सुधारलेला, पण नागच.

तिसरी फळी गेली होती. वाया म्हणायचं नाही, आडवे कप्पे करायला चालली असती, पण उभ्यांत आता एकही जास्तीची उरली नव्हती. यापुढे एक जरी बिघडली तरी बारा कपाटं पुरी होणार नव्हती. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हातानं करू. नमुन्यापुरतं हुईल." मी म्हणाले, "आणि बाकीच्या अकरांचं काय?" ते घरी चहाला निघून गेले. घर शेडच्या मागेच.

मी एकटीच उरले. प्रयोगशाळेत मुलांना मी रोज सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला. इथे बिट तेच, गाइड तीच, हात तोच. बदलत होती फक्त बाजू. डाव्या फळीत मागची कड उजव्या हाताला येते, उजव्या फळीत डाव्या हाताला. पण बाजूने काय होतं? मी एक जुनी रद्दी फळी उजवी म्हणून टेबलावर लावली. बाबांनी मशीन वाकसाच्या टोकाला ठेवलं होतं, शेवटची खाच जिथे संपली तिथेच. ते उचलून पुन्हा दारापर्यंत आणायचा मला कंटाळा आला. मी तिथूनच सुरू केलं, दाराकडे तोंड करून.

मशीन गपचूप चाललं. ओढ नाही, धडपड नाही, कोणीतरी गाइडला पलीकडून हाताने दाबून धरल्यासारखं.

"पाठ! अगो, पाठ!" दारातून बाबा ओरडले.

मी मशीन बंद केलं. मला त्यांचं ओरडणं ऐकू आलं होतं, पण मी खाचेकडे बघत होते. "बाबा, सरळ हाय!" मी म्हणाले. कॉलेजात सहा वर्षं घासून बसवलेलं 'आहे' त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं. "सरळ हाय! बघा!"

ते आले. खाचेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग म्हणाले, "कसं काय?"

आणि मला ते तिथेच, भुसा उडालेल्या तोंडाने, उमगलं. बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. मशीन पुढे ढकललं की ते त्याला डावीकडे ओढतं. गाइड उजव्या कडेला असली तर ती ओढच गाइडला कडेवर घट्ट आवळते. गाइड डाव्या कडेला असली तर तीच ओढ तिला कडेपासून सोडवते. उजवी फळी म्हणजे उलट्या दिशेने चालायला पाहिजे. वाकसाकडून दाराकडे. आणि बाबा तसे कधीच चालणार नव्हते, कारण मग वाकसाकडे पाठ होते.

म्हणजे दोष मशीनचा नव्हता, गाइडचा नव्हता, हाताचा तर नव्हताच. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. "मिटलं! उजव्या फळ्या इकडून तिकडे!"

"पाठ करून? नाय."

"मग मी करते उजव्या."

"तुझी पाठ काय वेगळी हाय? आजा तुझा बी हाय."

"बरं, वाकस दाराच्या बाजूला टांगू."

"मग डाव्या बिघडतील." फिजिक्स त्यांना माझ्याआधी पोचलं होतं.

आई चहाचे कप घेऊन तोपर्यंत आली होती. बाबांनी युक्ती काढली: तोंड वाकसाकडेच, पण उलट्या पावलांनी मागे मागे यायचं आणि मशीन आपल्याकडे ओढायचं. सुदैवाने मशीन बंद ठेवूनच त्यांनी चालून बघितलं. चौथ्या पावलाला टाच भुशाच्या ढिगाला लागली आणि बाबा मशीन छातीशी धरून त्या ढिगात बसले.

"भूत काय तुमी," आई म्हणाली, "उलट्या पायांनी चालायला?"

मी इतकी हसले की चहा सांडला. बाबा ढिगातूनच म्हणाले, "हात दे आधी, मग हस."

राहिला एकच मार्ग, आणि तो माझ्या मते सगळ्यांत सोपा. "फळीच फिरवा ना. टोकाला टोक. मग मागची कड आपोआप उजव्या हाताला येते. तुम्ही वाकसाकडे चाला, खुशाल."

"मंजे शेंडा दाराकडं, बूड वाकसाकडं?"

"हो. दहा मिनिटांपुरतं."

"उलटं झाड टेबलावर घालू मी? आज्याच्या पुढ्यात?"

आता मात्र माझी सटकली. "बाबा, झाड तोडून साठ वर्षं झाली. सभागृहात ते आडवं होतं. त्याला काय कळतंय कुठलं बूड नि कुठला शेंडा?"

बाबा भुसा झटकत उठले, बाजूच्या भिंतीपाशी गेले, आणि माझ्या प्रमाणपत्राच्या चौकटीला दोन्ही हात लावून म्हणाले, "हे उलटं टांगू? दहाच मिन्टं. त्याला तरी काय कळतंय?"

आई पदर तोंडाला लावून हसत होती. खरं सांगते, मला तो कागद दहा मिनिटंसुद्धा उलटा बघवला नसता.

मग आम्ही तिघं चहा पीत बसलो, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा हे आलं की नियम बदलायचे नसतील तर मशीनला दुसरी भिंत द्यावी. गाइड एकाच बाजूने धरते म्हणून मशीन दुसऱ्या बाजूला पळतं. दोन्हीकडून धरलं तर पळणार कुठे? मी जमिनीवरच्या भुशात बोटाने दोन रेघा काढल्या आणि मधे गोल. "बैठक या दोन पट्ट्यांच्या मधून सरकेल. इकडून जा नाहीतर तिकडून जा."

बाबांनी त्या रेघांकडे बघत चहा संपवला. "फर्मा," ते म्हणाले. "फर्मा करायचा." आणि भुशातल्या माझ्या चित्राला दोन्ही टोकांना एकेक आडवी रेघ जोडली. "हितं पट्टीला लांब भोक ठेवू, बोल्ट नि पंखाचं नट. मंजे पट्ट्या जवळ-लांब करता येतील. उद्या बिजागरीची खाच पाडायची झाली, कुलपाची झाली, हाच फर्मा." मला एका खाचेपुरतं सुचलं होतं, त्यांना पुढची दहा वर्षं दिसत होती.

गुरुवारी मी रजा टाकली. एरवी संध्याकाळी जाणारी आमच्या भागातली लाइट त्या दिवशी सकाळीच गेली, लोडशेडिंग, दुपारपर्यंत. मशीन मुकं झालं, आणि शेडमध्ये मला लहानपणी माहीत असलेला आवाज परत आला: रंध्याचा. एका जुन्या दाराच्या चौकटीच्या लाकडातून बाबांनी साडेसहा फुटांच्या दोन पट्ट्या काढल्या. एक डोळा मिटून कडेवरून बघायचे, एक हात मारायचे, पुन्हा बघायचे. मी आडव्या पट्ट्यांना भोकं पाडली, हाताच्या ड्रिलने, आणि माझे फोड आईला दाखवले. एका पट्टीखाली बाबांनी टेकण दिलं, फळीच्या कडेला अडकून बसेल असं.

मधली जागा किती ठेवायची यावर शेवटचं भांडण. मी व्हर्निअरने बैठक मोजली आणि आकडा सांगितला. बाबांनी ऐकून घेतलं, मग भिंतीवरच्या मांडणीतून एक जुनी लग्नपत्रिका काढली, तिचा तुकडा फाडला, बैठक पट्ट्यांमधे ठेवली आणि बाजूला तो तुकडा सरकवला. "पत्रिका जाईल एवढीच ढिली. नट आवळ." मी आवळलं, आणि मग गुपचूप व्हर्निअर लावून बघितलं. माझ्या आकड्यापेक्षा पत्रिकेएवढं जास्त. तेवढं लागतंच, घट्ट बसलं असतं तर मशीन अडलं असतं. मी व्हर्निअर पेटीत ठेवून दिलं.

दुपारी लाइट आली. नमुन्याची उजवी फळी टेबलावर आली, बूड दाराकडे, शेंडा वाकसाकडे. फर्मा तिच्यावर आवळला. बाबा दारापाशी उभे राहिले, वाकसाकडे एकदा बघितलं, आणि चालू लागले. मशीन डावीकडे पळायला बघत होतं हे मला आवाजावरून कळत होतं, पण पळायला जागाच नव्हती. सहा फूट. बाबांनी मशीन बंद केलं, पण खाचेकडे बघितलं नाही. मलाच म्हणाले, "बघ."

मी अंगठा फिरवला. मग मी काय केलं ते लिहिते, लाज कसली: मी शेडमध्ये नाचले. चपला घालून, भुशात.

शुक्रवारी ग्रंथपाल मॅडम रिक्षातून उतरल्या, साडीचा घोळ वर धरून भुशातून आल्या. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि कानामागे नवी पेन्सिल. कपाट उभं होतं, पाठ अजून लावलेली नव्हती. ती बाबांनी मुद्दाम बाजूला ठेवली होती. मॅडमनी डाव्या खाचेत बोट घालून वरून खालपर्यंत नेलं. मग उजव्या. माझा श्वास त्यांच्या बोटाबरोबर खाली गेला. बाबांनी प्लाय उचलून वरून खाचांत टेकवला आणि सोडला. तो आपल्याच वजनाने सुळ्ळकन खाली गेला आणि तळाला टक् करून बसला.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा करा बघू."

बाबांनी पुन्हा केलं. मग मॅडमनी स्वतः केलं. दोनदा.

मग त्या कपाटाच्या आत वाकल्या. "हे पेन्सिलचे बाण कसले?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "ती शिकलेली हाय. ती सांगंल."

मी प्रमाणपत्राकडे बघितलं, वाकसाकडे बघितलं. "शेंडा त्या बाजूला आहे, मॅडम," मी म्हणाले. "झाड उभं होतं तसंच लाकूड उभं करतात. बूड खाली. आमच्याकडे तसंच करतात."

"मग पॉलिश करताना पुसू नका," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे कपाट उलटं ठेवणारे शिपाई आहेत. बाकीची अकरा कधी देताय?"

बाबांनी तारीख सांगितली, मॅडमनी ती वहीत लिहिली, आणि रिक्षा वळून रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. मला वाटलं, आता बाबा काहीतरी म्हणतील. शाबास, किंवा निदान चहा घेऊ.

ते आत वळले, फर्म्याचे नट एकेक करून तपासले आणि टेबलावरून हात फिरवून भुसा साफ केला.

"लाइट जायला अजून दीड तास हाय," ते म्हणाले. "उजवी घे."